खंदारे सरांचा तेरा फुटी बांबू

खंदारे सर आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आधी दार मोजलं आणि मग नमस्कार केला. वालूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. माझे यजमान सेलूला बँकेत होते आणि आम्ही गावात एक भाड्याचं घर घेतलं होतं. सामान अजून पोत्यांतच होतं. दारात एक उंच, सडपातळ, चाळिशी ओलांडलेला माणूस उभा राहिला, खिशातून शिंप्याची फीत काढून त्यानं चौकट मोजली, मग ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली आणि आकडे तळहातावर पेनानं लिहून घेतले. मी घरमालकाचा माणूस समजले. नमस्कार झाल्यावर ते म्हणाले, "मी खंदारे, शाळेत खेळ शिकवतो. माझा बांबू तुमच्या ओसरीत मावतो का बघायलोय. पावसाळ्यात माझं घर गळतंय."

बांबू मावला. तेरा फूट लांबीचा, पेरापेरावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेला आणि करडईच्या तेलानं चकाकणारा तो बांबू पुढची सहा वर्षं दर पावसाळ्यात आमच्या ओसरीत आडवा टांगलेला असे. तो कशासाठी आहे हे मला दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर कळलं. सर बांबू घेऊन धावत आले, त्याचं टोक जमिनीतल्या खोबणीत टेकवलं आणि एक अख्खा मोठा माणूस पाय आकाशाकडे करून आडव्या काठीवरून पलीकडे गेला. पलीकडे जिनिंगमधून आणलेला रद्दी कापूस आणि भुस्सा भरलेली पोती होती. त्यांत ते पाठीवर पडले, उठले, आणि काठी किती हलली ते बघायला परत आले.

सरांचं गाव चारठाण्याच्या पलीकडे. लहानपणी गुरांमागे फिरताना ओढा ओलांडायला ते काठी टेकवून उडी मारत, तिथून हे सुरू झालं. पुढे औरंगाबादला शिकायला गेल्यावर कळलं की ओढे ओलांडायच्या या प्रकाराच्या स्पर्धा होतात. त्यांना प्रत्येक गोष्टीचं मोजमाप हवं असे. कुणी म्हणालं की यंदा विहिरीला पाणी कमी आहे, की ते विचारत, "मोजलंय का? मोजून तं बघा." शिक्षकांच्या खोलीत कुणाचा उंचीवरून वाद झाला, कुणाच्या शेताचा बांध सरकला, तरी फीत बाहेर निघे. हा त्यांचा खवचटपणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे.

एक गोष्ट ते पेनानं लिहीत नसत. कुठल्याही अर्जावर विद्यापीठाचं नाव लिहायची वेळ आली, की ते पेन ठेवून पेन्सिल उचलत. नामांतराचा ठराव होऊन वर्षं उलटली होती आणि नाव तेच होतं. मी एकदा विचारलं तर सहज म्हणाले, "बदलायचंय ते. खोडायला सोपं." अठ्ठ्याहत्तरच्या दंग्यात त्यांच्या गावातली वस्ती जाळली गेली तेव्हा त्यांची प्रमाणपत्रं आणि तीन जुने बांबू घरात होते. याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते की प्रमाणपत्रं अर्ज केल्यावर परत मिळाली, बांबूला मात्र दोन वर्षं लागली. सेलूच्या बुरुडाकडे किनवटच्या जंगलातले बांबू येत, त्यांतले शंभर बघावे तेव्हा एक हाती लागे.

त्या एका बांबूबद्दल ते इतके हळवे का, याचं कारण मला बऱ्याच उशिरा समजलं. कॉलेजात असताना त्यांची विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती. मद्रासला जायचं होतं. स्टेशनवर संघाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं की एवढा लांब बांबू गाडीत चालणार नाही, तिथं दुसरा मिळेल. हॉकीच्या काठ्या गेल्या, क्रिकेटच्या पेट्या गेल्या, बांबू फलाटावर राहिला. मद्रासला कुणाचा तरी बांबू मागून घेतला आणि सर तीनही प्रयत्नांत पहिल्याच उंचीला अडकले. "त्या दिवशी ठरवलं," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या काठीवर आता उडी न्हाई मारायची."

चाळिशी ओलांडल्यावर ते प्रौढांच्या स्पर्धांना जाऊ लागले. नागपूर, पुणे, औरंगाबाद, जिथे जातील तिथे पहिले येत. कुणी अभिनंदन केलं की प्रामाणिकपणे सांगत की त्यांच्या वयात बांबू घेऊन उडणारा राज्यात दुसरा कुणी राहिलेला नाही. अशाच एका स्पर्धेनंतर त्यांना एक छापील पत्र आलं. ते घेऊन ते माझ्याकडे आले. ऑस्ट्रेलियात जगभरच्या प्रौढ खेळाडूंच्या स्पर्धा होत्या आणि स्वखर्चानं येणाऱ्यांना भाग घेता येणार होता. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की विमानाच्या पोटाचं दार केवढं असतं.

त्या प्रश्नापायी मी सात-आठ महिन्यांत विमान कंपनीला पाच पत्रं लिहिली. पहिल्या पत्राला छापील उत्तर आलं, सामानाची कमाल लांबी अमुक. दुसऱ्यालाही तेच. मी म्हटलं की सर, नियम आहे, बांबू न्यायचं सोडा, तिकडे जगभरचे लोक येतील, कुणीतरी देईल. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "नियम न्हाई इचारायचा, बाई. दार केवढं हाय तेवढं इचारा. नियम करनारानं तं मोजलं असंलच की."

तिसरं पत्र मी तसंच लिहिलं. नियमाचा उल्लेख न करता, परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेला विमानाच्या सामानघराच्या दाराची रुंदी आणि उंची जाणून घ्यायची आहे, एवढंच. महिन्याभरानं मालवाहतूक विभागातल्या कुणा गृहस्थाचं हातानं लिहिलेलं उत्तर आलं. सोबत पेन्सिलनं काढलेली आकृती होती, दाराची मापं होती, आतल्या खोलीची मापं होती, आणि शेवटी विचारलं होतं की तुम्हाला हे कशासाठी हवं आहे. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं विमानाचं पोट आखलं. दाराच्या जागी दोन खांब रोवले. सगळी शाळा भोवती गोळा झाली, गणिताचे सर कोनमापक घेऊन आले, आणि खंदारे सर आणि शिपाई असे दोघं बांबू खांद्यावर घेऊन त्या दारातून तिरके आत शिरू लागले. पहिल्यांदा बांबू खांबाला अडला. दुसऱ्यांदाही अडला. तिसऱ्यांदा पुढचं टोक खाली आणि मागचं वर धरून आत घेतला, तेव्हा तो गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी फक्कीच्या रेघेपासून बांबूपर्यंत किती जागा उरली ते मोजलं आणि मला सांगितलं, लिहा त्यांना. मी लिहिलं. ते चौथं पत्र अनुत्तरित राहिलं, पाचव्या पत्राला उत्तर आलं की तेरा फुटांपर्यंतची वस्तू, वेष्टनात असल्यास, स्वीकारली जाईल.

वेष्टन कौसल्याबाईंनी शिवलं. या सरांच्या पत्नी, बोलायला कमी आणि हाताला चपळ. आपली दोन जुनी लुगडी एकात एक घालून त्यांनी तेरा फुटांची पिशवी केली आणि आत वाकळीच्या पट्ट्या भरल्या. त्यांना हा प्रवास आवडलेला नव्हता. एवढ्या लांब जाऊन पडलात तर उचलायला कोण, असं त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. पण शिवण थांबवली नाही.

दिवाळीची सुट्टी होती. माझा भाऊ मुंबईला पार्ल्याला राहायचा, म्हणून मीही त्याच गाडीनं निघाले. वालूरहून सेलूपर्यंत बांबू एस.टी.च्या टपावर, सेलूहून गार्डच्या डब्यात, मनमाडला गाडी बदलताना पुन्हा खांद्यावर. प्रत्येक स्टेशनवर सर उतरून गार्डच्या डब्यापाशी जाऊन येत. मुंबईत टॅक्सीच्या टपावर तो बांधला, मागच्या टोकाला लाल फडकं लावलं, आणि आम्ही विमानतळावर पोचलो.

काउंटरवरच्या मुलीनं बांबू बघितला आणि मान हलवली. सरांनी पत्र पुढे केलं. तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, फीत मागवली. फीत येईपर्यंत सरांनी स्वतःची काढली होती. दोघांनी दोन टोकं धरून मोजलं. तेरा फूट एक इंच भरलं. साहेब म्हणाले की पत्रात तेरा लिहिलंय, त्यांचा नाइलाज आहे. सरांनी पिशवीचं तोंड उसवलं, बांबूच्या टोकाला चांभारानं बसवून दिलेला रबरी गट्टू उपटून खिशात घातला आणि फीत पुन्हा साहेबांच्या हातात दिली. तेरा फुटांना दोन दोरे, म्हणजे पाव इंच, कमी. साहेब क्षणभर सरांच्या खिशाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी शिक्का मारला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला सरांच्या पत्रातून आणि नंतर त्यांच्या तोंडून कळलं.

विमानात त्यांना झोप लागली नाही. खाली सामानघरात किती थंडी असते हा विचार त्यांना छळू लागला, कारण बांबू फार थंडीत तडकतो. हवाई सुंदरीला त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती पुढे वैमानिकाकडे जाऊन आली आणि कागदी रुमालावर आकडा लिहून घेऊन आली. तो आकडा पाहून त्यांना बरं वाटलं, कारण मनमाडला डिसेंबरात तेवढी थंडी पडते. मग त्यांनी दोन ओळींमधली वाट पावलांनी मोजली, खिडकी बोटांनी मोजली, आणि शेजारच्या प्रवाशाला सिंगापूरपर्यंत ओढ्यावरच्या उड्यांची गोष्ट सांगितली. सिंगापूरला विमान बदललं. तिथं त्यांनी काचेतून बघितलं, तर दोन माणसं त्यांच्या बायकोच्या लुगड्यातला बांबू दुसऱ्या विमानात चढवत होती. पुढचं टोक खाली, मागचं वर.

ऑस्ट्रेलियात बांबू सुखरूप उतरला आणि विमानतळावरच अडला. बाहेरून आलेलं लाकूड, बी, पानं तपासणाऱ्या खात्यातली एक तरुण बाई तिथं होती. तिनं बांबू पांढऱ्या कागदावर धरून हलकेच ठोकला. कागदावर पिठासारखी चिमूटभर भुकटी पडली. तिनं भिंगातून सरांना दाखवलं, बांबूला टाचणीएवढी दोन भोकं होती. आत कीड असणार. धुरी द्यावी लागेल, त्याला दहा दिवस. सरांची स्पर्धा चौथ्या दिवशी होती आणि परतीचं विमान आठव्या. दुसरा मार्ग बांबू नष्ट करायला लेखी परवानगी देण्याचा.

सरांनी सही केली. मात्र एक विनंती केली, की जाळण्याआधी तो चिरून आत काय आहे ते दाखवा. त्या बाईनं करवतीनं पेर कापलं आणि उभा चिरा दिला. आत भाताच्या शितासारखी एक पांढरी अळी होती, जिवंत. सरांनी मला पत्रात तिचं चित्र काढून पाठवलं होतं, मापासकट. खाली लिहिलं होतं की किनवटची अळी सिंगापूरमार्गे इथवर आली, आणि तिला तर सामानघरातली थंडीही बाधली नाही.

मैदानावर त्यांची भेट टॉम नावाच्या न्यूझीलंडच्या मेंढपाळाशी झाली. वय साठ, स्वभाव बोलका. त्याच्याकडे तीन काठ्या होत्या, काचतंतूंच्या, वाकणाऱ्या. सरांनी अशी काठी फक्त छायाचित्रात पाहिलेली. टॉमनं सगळ्यांत आखूड काठी त्यांच्या हातात दिली. सर दोन दिवस तिच्यावर पडत राहिले. सरळ बांबूवर ज्या क्षणी अंग वर ओढायचं, त्या क्षणी ही काठी वाकून भलतीकडेच जाई. पंचवीस वर्षांची सवय आड येत होती. स्पर्धेच्या दिवशी ते पहिल्या उंचीला दोनदा पडले. तिसऱ्यांदा गेले. त्याच्या पुढच्या उंचीला तीनही वेळा आडवी काठी पाडली आणि स्पर्धा संपली. गावातल्या पोत्यांवर ते याहून हातभर उंच जात.

परत आल्यावर ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. सरपंचांनी हार घातला आणि विचारलं की कितवा नंबर आला. लोक कान देऊन बसले होते. सर माइकसमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "अकरा जणांत अकरावा." कुणाला टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना. तेवढ्यात त्यांनी खिशातून लिंबाची ओली डहाळी काढली, दोन्ही हातांनी वाकवली आणि पाऊण तास बोलले. "आपला बांबू फकस्त माणसाला धरून ठिवतो," ते म्हणाले. "ती काठी माणसाचं वजन घेती, पोटात ठिवती, अन् वर गेल्यावर माघारी देती. कशी देती ते मला अजून नीट कळलं न्हाई. पर शोधायलोय." म्हातारी माणसं पुढे सरकून डहाळी बघत होती.

ते खरंच शोधत राहिले. सेलूच्या बुरुडाकडून बांबूच्या कामट्या काढून घेतल्या, सरसानं एकावर एक चिकटवल्या, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून बांधल्या. पहिली काठी मोडली. दुसरी मोडली तेव्हा त्यांचं मनगटही मोडलं, आणि कौसल्याबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसरी वाकली आणि सरळ झाली. त्या काठीवर वालूरच्या मुलींनीही उड्या मारल्या. स्पर्धांमध्ये मुलींसाठी हा प्रकारच नव्हता. सर म्हणत की स्पर्धा नसली म्हणून काठी वाकायची थोडीच थांबती.

माझी बदली पाथरीला झाली आणि भेटी विरळ झाल्या. ते निवृत्त झाल्याचं कळलं, छातीचं दुखणं लागल्याचंही कळलं. शेवटचे भेटले ते परभणीच्या बसस्थानकावर, दुपारच्या वेळी. कौसल्याबाई सोबत होत्या. डॉक्टरांकडून येत होते. आम्ही तिघं चहाच्या टपरीपाशी बाकड्यावर बसलो. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले, त्यामुळे त्या दिवशीचं बोलणं मला शब्दान् शब्द आठवतं.

मी त्यांना म्हटलं की सर, मी तुमची अळीची गोष्ट दरवर्षी वर्गात सांगते. एवढा जपलेला बांबू हातचा गेला आणि तुम्ही चिरून आत काय आहे ते बघत बसलात, याचं मुलांना फार नवल वाटतं.

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "ते तसं न्हाई झालं, बाई. सही केली अन् मी बाहीर येऊन बसलो. दोन तास. मांडीवर हिचं रिकामं लुगडं. माघारी फिरायचं ठरवलंच होतं. दुसऱ्याच्या काठीवर उडायचं न्हाई म्हून."

कौसल्याबाई त्यांच्याकडे बघू लागल्या. त्यांनाही हे नवीन असावं.

"मग का थांबलात?" मी विचारलं.

"भ्यालो. गावात काय सांगू, शाळेत काय सांगू, मद्रासवानी पुन्हा हात हालवत आलो म्हून. त्या भीतीनं थांबलो. अळी बगायची म्हून उठलो तेबी येळ काढायला. मंग ती दिसली. हालत व्हती. अन् त्याच्यानंतर मला भ्यायचं सुचलंच न्हाई."

पाथरीची गाडी लागली होती. मी पिशवी उचलली, आणि उठता उठता म्हटलं की इतकी वर्षं हे तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाहीत.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते हसत होते.

"सगळ्यांनी अळीचं इचारलं," ते म्हणाले. "माझं कुनी इचारलंच न्हाई."